कडक भाकरी, मऊ कपाळ

दुकानाची पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची. फोन उचलून समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं. चहाचा पहिला घोट बशीतून, उरलेला कपातून. आंघोळ झाली की तीन बोटांनी कपाळावर विभूती. राग आला की कन्नड, फारच आला की मराठी.

शुक्रवार पेठेतल्या काशम्माच्या या सवयी शेजारच्या ऋतुजाला तोंडपाठ होत्या. ऋतुजा मराठीत एम.ए. झालेली. वयात तीस वर्षांचं अंतर, तरी दोघींची मैत्री घट्ट. पण त्या दिवशी काशम्माचं बोलणं ऐकून ती गारच पडली.

"त्वचेच्या डॉक्टरकडं चल की माझ्यासंगं. आठ्या मोडायचं इंजेक्शन घ्यायचंय. पण शब्द दे, कुणाला सांगायचं न्हाय."

कारण होतं गुरूचं लग्न. काशम्माच्या या एकुलत्या एका लेकाला दोन स्थळांनी नकार कळवला होता. मुलगा पसंत, पण सासू कडक दिसते म्हणे. काशम्मा कडक भाकऱ्या करून विकायची. तव्यापुढं डोळे बारीक करून करून भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा पडल्या होत्या.

"राग न्हाय गं ह्यो, धग हाय," ती म्हणाली. "पण बघणाऱ्याला काय कळतंय?"

होटगीचं तिसरं स्थळ पंधरा दिवसांवर आलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काशम्मानं खुर्चीत बसल्या बसल्या सुरुवात केली.

"दुखतंय का?"

"मुंगी चावल्यासारखं."

"विष असतंय म्हणं त्यात."

"मूळचं विषच. पण मात्रा इतकी थोडी की औषध होतं. गरोदर असाल तर मात्र देत नाही."

"ह्या वयात? काय बोलताय बाई!"

ऋतुजानं भिंतीकडं तोंड केलं.

"आठ्या जातील त्या कायमच्या?"

"नाही. पंधरवड्यात पुऱ्या बसतील. तीन-चार महिन्यांनी परत येतील."

"म्हंजे माहेरी गेल्यात म्हणायचं. आन हसता येईल?"

"खुशाल हसा. आठ्या तेवढ्या घालता येणार नाहीत. आज कपाळ चोळू नका, धगीपुढं बसू नका, व्यायाम नको."

"भाकरी थापणं व्यायामात येतंय का?"

"आजच्यापुरतं येतं."

"आन विभूती?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे त्यांना कुणी विचारलं नसावं. "उद्या लावा," त्या जपून म्हणाल्या.

काशम्मानं विचार केला. "दंडावर लावीन. देवाला कपाळच पायजे असं कुटं हाय?"

गुरूला आणि ऋतुजाला घेऊन काशम्मा होटगीला पोचेपर्यंत तिचं कपाळ नव्या परातीसारखं झालं होतं. मुलीकडची माणसं खूश. मुलीचे काका गुरुबसप्पा दोनदा म्हणाले, "किती शांत बाई!"

मुलगी, सिद्धेश्वरी, चहा देऊन रिकामा ट्रे ठेवायला आत गेली. ऋतुजाही मागोमाग गेली.

"तुमच्या काकू रागावतात तरी कशा?" सिद्धेश्वरीनं हळूच विचारलं.

"का हो?"

"माझ्या ताईची सासू अशीच. चेहऱ्यावर रेघ नाही. गोड बोलून ताईला पार वाळवली तिनं. गुरू आवडलेत मला. पण मी नाही म्हणणार आहे."

खरं सांगावं, तर काकूंना दिलेला शब्द मोडतो. न सांगावं, तर स्थळ मोडतं. तेवढ्यात बाहेरून ओटीसाठी हाक आली.

सिद्धेश्वरी पदर पसरून उभी राहिली. काशम्मानं कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला. तांदळाची ओंजळ उचलली.

गुरुबसप्पा रंगात आले होते. "शिकलीय, पण भाकरी येत नाही पोरीला. चुकली की द्या दोन ठेवून. आमची तक्रार न्हाय!"

काशम्मा त्यांच्याकडं वळली. कपाळ तसंच गुळगुळीत, पण आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"काय म्हणालात? ठेवून द्या? लेकरू हाय का ढोल? भाकरी आली न्हाय तर मी घालीन करून. माझ्या घरात पोरीवर हात उचलायची कुणाची छाती न्हाय, तुमी काका असला तरी! वर हसताय काय?"

मराठी होती, सगळी मराठी.

गुरुबसप्पांचा कप बशीत वाजला. सिद्धेश्वरीनं ऋतुजाकडं बघितलं आणि ती खुदकन हसली. मग गुरूकडं बघून तिनं मान हलवली. होकाराचीच.

काशम्माचं तिकडं लक्ष नव्हतं. ती आता काकांच्या शिक्षणाकडं वळली होती. तांदूळ तिच्या मुठीतून हातवाऱ्यांबरोबर सतरंजीवर सांडत होते, आणि सिद्धेश्वरी अर्ध्या भरलेल्या ओटीचा पदर धरून तशीच उभी होती.