केसभर मोठे हत्ती

बुधवारी यल्लाप्पा लोंढे दाढी करत. बाकीचे सहा दिवस दाढी करायची कुणासाठी, हा प्रश्नच होता.

दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आनेकलच्या स्टँडवर जात. पावणेआठची बस पकडायची, होसूर रस्त्यावर उतरायचं आणि तिथून पंचवीस मिनिटं चालत बेंगळुरातलं एचएसआर लेआउट. तिथं तिसऱ्या मजल्यावर त्यांची मुलगी सुखदा राहत असे. जावई अजिंक्य पुण्याचा, कंपनीत कामाला. नातू ध्रुव, तीन वर्षांना दोन महिने कमी.

यल्लाप्पांचं वय एकाहत्तर. अडतीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत लाकडी नमुने केले. आधी बेळगावात, मग बेंगळुरात. लोखंड ओतायचं तर वाळूत साचा उठवावा लागतो, आणि साचा उठवायला त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो. नमुना चुकला की पुढचे पाचशे नग चुकले. म्हणून अर्ध्या मनानं काम करणाऱ्याची त्यांना चीड होती. हाताखालच्या माणसाला ते शिवी देत नसत. त्याचा नग उचलून परत त्याच्याच बाकावर ठेवत. शिवीपेक्षा ते जास्त झोंबायचं.

यल्लाप्पा हे नाव आजीनं ठेवलेलं. बाप ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी पोराला दुसरं नाव सुचवलं, तर आजी सगळ्या मंडळीसमोर उठून म्हणाली, "देव तुम्ही ठरवलात. नातवाला हाक काय मारायची ते मी ठरवीन." नाव राहिलं.

बायको भागुबाई जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेल्यापासून घरात मराठी उरली ती जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरती. शेजारी कन्नड, दुकानात कन्नड. यल्लाप्पांना कन्नड चांगलं येत होतं. पण कन्नडमध्ये त्यांच्यावर कुणी चिडत नव्हतं, की त्यांची थट्टा करत नव्हतं. तेवढ्यासाठी बुधवार लागायचा.

सुखदानं ध्रुवला प्लेस्कूलमध्ये घातलं नव्हतं. तो दीड वर्षाचा असताना तिनं नोकरी सोडली आणि घरीच शाळा मांडली. शाळा म्हणजे बैठकीच्या खोलीतली एक चटई आणि ध्रुवच्या हाताला येईल असं बुटकं फडताळ. सकाळी एक गीत, चार ओळींची प्रार्थना, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट, आणि मग त्या गोष्टीचा खेळ. आठवडाभर एकच गोष्ट. पाच भाकरी आणि दोन माशांच्या आठवड्यात ध्रुवनं इतकी कणीक मळली की अजिंक्यला चार दिवस दगडासारख्या पोळ्या खाव्या लागल्या. हरवलेल्या मेंढराच्या आठवड्यात घरभर कापूस.

नियम एकच होता. खेळ मुलाचा. मोठ्यांनी मांडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

यल्लाप्पांना हे पटत नव्हतं, पण सुखदाचे कष्ट त्यांना दिसत होते. पुढच्या आठवड्याची तयारी ती आदल्या शुक्रवारपासून करायची. पुठ्ठे कापायची, रंग कालवायची, गोष्ट मोठ्यानं वाचून बघायची. बिनपगारी, आणि "छान" म्हणणारं कुणी नाही. दहा वाजता ती ध्रुवला खाली बागेत नेई तेव्हा झोके रिकामे असत. सगळी पोरं व्हॅनमधून शाळेत गेलेली. ध्रुव घसरगुंडीवर एकटाच चढे, एकटाच घसरे, आणि खाली आल्यावर मागं वळून रांगेत कुणी आहे का बघे. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मग, घातलंत का कुठं?" महिन्यातून एकदा मराठी उपासना व्हायची, जेमतेम पंधरा घरं. त्यात ध्रुवच्या वयाचं मूल नव्हतं.

म्हणून जूनमध्ये सुखदा जेव्हा म्हणाली, "अण्णा, नोहाचं तारू कराल का ध्रुवसाठी? लाकडाचं?" तेव्हा यल्लाप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि लगेच विचारलं, "लांबी किती?"

तीन आठवडे लागले. सागवानाचं तारू, हातभर लांब. बाजूला बिजागरीचं दार, उघडलं की त्याचीच उतरण होणारी. छप्पर पक्कं ठोकलेलं, कारण पोर छपराला धरूनच उचलणार. दाराची उंची बरोबर दहा सेंटिमीटर. कुठंही हाताला टोचणारी कूस नाही, खिळ्याचं डोकं वर नाही. ध्रुवनं त्यात आधी स्वतःचे मोजे भरले, मग एक टोमॅटो, आणि मग प्लास्टिकचे प्राणी. फक्त प्लास्टिकमध्ये हत्ती नव्हता.

"हत्ती?" ध्रुवनं विचारलं.

"पुढच्या खेपेला आणतो. जोडी," यल्लाप्पा म्हणाले.

त्याच दिवशी बिनसलं.

ध्रुव प्राणी रांगेत लावत होता. गाय आडवी, सिंह पाठमोरा, उंट पडलेला. यल्लाप्पा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी दहा मिनिटं कळ काढली. मग खाली वाकले.

"असं नव्हे रे. तोंडं एकीकडं कर. हां. उंट उभा कर आधी. नीट धर."

त्यांनी ध्रुवचा हात धरून उंट उभा केला. मग गाय. मग सिंह. रांग सरळ झाली. ध्रुवनं रांगेकडं पाहिलं, मग आजोबांकडं.

"आता बकरी तू ठेव," यल्लाप्पा म्हणाले.

ध्रुवनं बकरी उचलली. ठेवायच्या आधी विचारलं, "आजोबा, बरोबर?"

"स्वल्प डावीकडं."

"आता बरोबर?"

"हां."

त्यानंतर त्यानं एकही प्राणी उचलला नाही. हात मांडीवर ठेवून बसला.

सुखदानं त्याला केळं दिलं, खिडकीत बसवलं आणि वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, गेल्या बुधवारनंतर दोन दिवस तो ठोकळ्यांना शिवला नव्हता. आठवतंय काय झालं होतं?"

"मनोरा कलता होता. सांगितलं त्याला."

"तुम्ही पाडून परत रचायला लावलात."

"कलता मनोरा पडतोच की. मी पाडला, एवढंच."

"पडू दे ना तो त्याच्याच हातानं! तुम्ही आलात की तो खेळत नाही. काम करतो."

"काम करणं वाईट हाय व्हय?"

"तीन वर्षांच्या पोरानं पास-नापास व्हायला नको, म्हणून तर मी घरी बसले. नाहीतर शाळा काय कमी होत्या?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "पुढच्या बुधवारी या. पण परत त्याच्या खेळाला हात लावलात, तर मग काही दिवस थांबू या. मी आजपर्यंत कुणाला असं म्हटलं नाही, अण्णा. तुमच्याशिवाय इथं येतं तरी कोण?"

यल्लाप्पांनी पिशवी उचलली. "सरी, बरं," म्हणाले आणि निघाले. लिफ्टमध्ये गेल्यावर लक्षात आलं की आपली पोलादी पट्टी ध्रुवच्या फडताळावर राहिली. ध्रुवची उंची दाराच्या चौकटीवर मोजायला आणली होती. परत वर जावं असं त्यांना वाटलं नाही.

आठवडा लांबला. बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःशी भांडतो, आणि त्या भांडणात कधी जिंकत नाही. बाकावर लाकूड बसवताना त्यांना आठवलं, सुखदा पाच वर्षांची असताना तिनं रंगवलेली एक चिमणी आपण परत तिच्यापुढं ठेवली होती. शेपूट रेषेबाहेर गेलं म्हणून. तिनं पुन्हा रंगवली होती. चांगली रंगवली होती. पण त्यानंतर तिनं कधी चित्र दाखवायला आणलेलं त्यांना आठवत नव्हतं. भागुबाईला दाखवत असेल.

हत्ती मात्र त्यांनी मन लावून केले. मऊ देवदार घेतला, पोराच्या हातात जड नको. दार दहा सेंटिमीटर, म्हणून हत्ती नऊ पूर्णांक आठ. दोन मिलिमीटर मोकळे. पट्टी सुखदाकडं होती, म्हणून खणातली दुसरी घेतली, जुनी, फाउंड्रीतली. तेल लावून पुसली आणि कामाला लागले. सोंड पोटाशी वळवलेली, मोडू नये म्हणून. कान कोरीव. शुक्रवारी एक झाला, मंगळवारी दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ.

बुधवारी त्यांनी दाढी केली. बसमध्ये उभं राहायला लागलं, पिशवी छातीशी धरून. कंडक्टर "मुंदे होगी, मुंदे" ओरडत होता. ते पुढं सरकत होते आणि मनात एकच घोकत होते. हात मांडीवर. हात मांडीवर.

गीत झालं. प्रार्थना झाली. ध्रुवनं प्रार्थनेत बाबांचे बूट, खालचं मांजर आणि आजोबांची बस यांच्यासाठी आभार मानले. सुखदानं गोष्ट सांगितली, पाऊस, तारू, दोन-दोन प्राणी. मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. यल्लाप्पांनी हत्ती चटईवर ठेवले आणि खुर्चीत बसले.

ध्रुवनं हत्ती पाहिले. वास घेतला. एकाला जीभ लावली. मग तारवाचं दार उघडून पहिला हत्ती उतरणीवर चढवला.

हत्ती दारात अडकला.

ध्रुवनं ढकललं. मागं घेतलं, पुन्हा ढकललं. उलटा फिरवून शेपटीकडून घातला. आडवा घालून पाहिला, तर सोंड आणि पाय रुंदीत मावेनात. "जा ना," तो हत्तीला म्हणाला.

यल्लाप्पा खुर्चीतून पुढं आले. दोन मिलिमीटर ठेवले होते. मग? त्यांची नजर फडताळावर गेली. त्यांची पट्टी तिथंच होती, गेल्या बुधवारी ठेवली तशी.

आणि त्यांना कळलं. कानापर्यंत गरम झालं.

फाउंड्रीची पट्टी वेगळी असते. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून नमुना मुळातच तेवढा मोठा करतात, आणि दर वेळी गणित नको म्हणून पट्टीच मोठी बनवलेली असते. आकडे नेहमीचेच, पण प्रत्येक सेंटिमीटर केसभर लांब. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. दहा सेंटिमीटरला दोन मिलिमीटर. अडतीस वर्षं हातात असलेली पट्टी, आणि लाकडाचे हत्ती काही आकसणार नव्हते. शिकाऊ पोरानं हे केलं असतं तर यल्लाप्पांनी नग त्याच्या बाकावर परत ठेवला असता.

पिशवीत कानस होती. डोक्याच्या वरच्या बाजूनं घासलं की झालं. दोन मिनिटांचं काम. त्यांचा हात पिशवीत गेलाही. स्वयंपाकघराच्या दारात सुखदा हलली नाही, पण भांडं पुसायची थांबली.

यल्लाप्पांनी हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

ध्रुवचं तोंड रडवेलं झालं होतं. त्यानं हत्ती उचलला, आजोबांसमोर धरला आणि तोच प्रश्न विचारला.

"आजोबा, बरोबर?"

यल्लाप्पांनी हत्तीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"नाही," ते म्हणाले. "चूक हाय. माझी."

ध्रुव बघत राहिला. "तुझी?"

"माझी. मी हत्ती मोठा केला. चुकलो."

"आजोबा चुकले!" ध्रुवनं आईला ओरडून सांगितलं. मग हसायला लागला, आणि हसता हसता मागं चटईवर पडला. "आई, आजोबा चुकले! हत्ती मोठा!"

"हो का?" सुखदा म्हणाली. "अरे देवा. मग आता नोहा काय करणार?"

ध्रुव उठून बसला. विचार केला. हत्तीचं डोकं तळहातानं दाबलं, लहान होतंय का बघायला. झालं नाही.

यल्लाप्पांनी सुखदाकडं पाहिलं. "पॉलिश पेपर हाय पिशवीत. बारीक. नुसता ठेवू का खाली? सांगत काही नाही."

"ठेवा."

त्यांनी कागदाची घडी चटईवर ठेवली. ध्रुवनं बोट फिरवलं, "खरखर" म्हणाला, गालाला लावला, "नको" म्हणाला. मग चटईवर घासला. मग गाईवर. मग, बऱ्याच वेळानं, हत्तीवर. पिवळी धूळ पडली. तो फुंकर मारून पुन्हा घासू लागला. भलतीकडेच घासत होता, पोटावर, जिथं घासून काही उपयोग नाही. यल्लाप्पांनी दोन्ही तळवे मांडीखाली घातले.

आठ-दहा वेळा घासून ध्रुवनं हत्ती दाराला लावून पाहिला. "नाही." पुन्हा घासलं, या वेळी डोक्यावर. "नाही." मग त्याला भूक लागली.

सुखदानं भात कालवला. यल्लाप्पा जेवले. निघताना तिनं त्यांची पट्टी त्यांच्या पिशवीत ठेवली आणि सहज विचारलं,

"कानशीनं किती वेळ लागला असता, अण्णा?"

"दोन मिनिटं."

"आणि ध्रुवला?"

यल्लाप्पांनी हत्ती हातात घेऊन उजेडात धरला. तीन वर्षांच्या हाताचा जोर, कागदाचा नंबर, लाकडाचा मऊपणा. असले अंदाज त्यांचे चुकत नसत.

"रोज थोडं घासलं तर नाताळ येईल."

"मी रोज मांडणार नाही," सुखदा म्हणाली. "बुधवारीच मांडीन. तुम्ही असताना."

तिनं मान वळवली आणि ताटं उचलली. 

ते चपला घालत असताना ध्रुव पळत आला आणि दुसरा हत्ती त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबू लागला. मावेना. मग हातात दिला. "हा तुझ्या घरी," म्हणाला. "एकटा नको."

हत्ती एकटा नको, की आजोबा, हे त्यानं सांगितलं नाही.

चार वाजता यल्लाप्पा आनेकलला पोचले. कुलूप उघडलं, चहा ठेवला, चहा प्यायले. कप धुतला. हत्ती बाकावर ठेवला. शेजारी दोन्ही पट्ट्या लावून पाहिल्या. दहाच्या रेघेपाशी दोन मिलिमीटरचा फरक, चोख. त्यांनी कानस घेतली आणि हत्तीच्या डोक्यावर टेकवली. सवयीनं मनगट वळलं.

मग त्यांनी कानस खणात ठेवली आणि खण लावून टाकला. हत्ती खिडकीत ठेवला, रस्त्याकडं तोंड करून. शेजारचा रेडिओ कन्नडमध्ये बातम्या देत होता. पुढच्या बुधवारला मधे सहा दिवस होते.