मंदाताईंची खानावळ चालू होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय तेही धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. इकडे अलिबागेत मला ओळखणारे फार. सगळी नोकरी हायस्कुलात गणित शिकवण्यात गेली. बाजारात चार पावलं चाललो की कुणीतरी ‘नमस्कार सर’ म्हणतंच. मला ते आवडतं — हेही आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं बरंचसं त्यातूनच आलं.

शैला, माझी बायको. बालवाडीत शिकवायची. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा घर एकदम गप्प झालं, आणि मग आम्हाला शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायची सवय लागली. बाहेर म्हणजे काही मोठं नाही हो. कुरुळच्या घरून स्कूटर काढायची आणि नागाव, चौल, नाहीतर पोयनाडच्या बाजूला जायचं. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर वर्षानुवर्षं तेच कॅलेंडर, अशी ठिकाणं. शैलाला तिथे काय सुख मिळायचं! मेन्यूकार्ड ती कधी वाचायचीच नाही. थेट आत डोकावून विचारायची, “आज ताजं काय आहे गं?” दोघांत एकच थाळी, वर बोंबील फ्राय, आणि सोलकढी मात्र दोन पेले. तिच्यातली ती कुणाला घोटभरही द्यायची नाही.

आणि आमचा एक खेळ होता. शेजारच्या टेबलावरच्यांचं नातं ओळखायचं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं असायची. नवीन लग्न, जुनं लग्न, भांडण करून आलेले, भांडण मिटवायला आलेले. शैला हलक्या आवाजात सांगायची आणि मग स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसायची की ती माणसं वळून बघायची. मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. तेव्हा — नसे.

सगळ्यांत लाडकी जागा नागावच्या रस्त्यावरची मंदाताईंची खानावळ. मंदाताई स्वतः चुलीपाशी, नवरा गल्ल्यावर. शैला आणि त्या मैत्रिणीच झाल्या होत्या. सुकटीत कैरी घालायची की कोकम, यावर त्या दोघी एकदा इतका वेळ बोलत उभ्या राहिल्या की माझं ताट निवून गेलं.

मग शैलाचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी आम्ही दमणूक म्हणालो. मग डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. स्कूटरवर तिला नीट बसवेना, म्हणून आम्ही रिक्षाने जायला लागलो. पण शनिवार चुकवायचा नाही, हा हट्ट तिचाच. भाकरीचा तुकडा तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडायचा. चमचा ताटाच्या कडेवर वाजायचा — टिकटिक, टिकटिक. ती म्हणायची, “बघा, वाजतगाजत जेवतेय,” आणि हसायची.

आणि मी? मी आजूबाजूला बघायला लागलो. कोण बघतंय, ते. भिंतीकडे तोंड करून बसायला मिळेल असं टेबल शोधायला लागलो. आत शिरताना तिच्या दोन पावलं पुढे चालायला लागलो. हे तिच्या लक्षात आलं नसेल? बालवाडीतल्या पोरांच्या चेहऱ्यावरून पोटदुखी खरी की खोटी हे ओळखणारी बाई ती.

एका शनिवारी मंदाताईंकडे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता मोठा इंजिनियर झालाय, बायको आणि लहान मुलगी बरोबर होती. वाकून नमस्कार केला, बायकोला म्हणाला, “आमचे सर. यांच्यामुळे गणित सुटलं.” मी फुलून गेलो. शेजारच्याच टेबलावर ती मंडळी बसली. आणि शैलाने सोलकढीचा पेला उचलला.

पेला ओठांपर्यंत पोचलाच नाही. सगळी सोलकढी तिच्या साडीवर, टेबलावर, खाली ओघळत. ती पुसायला गेली तर रश्शाची वाटीही कलंडली. हनुवटीवरून रस्सा गळत होता. त्या लहान मुलीने आईला विचारलं, “आई, त्या आजी अशा का जेवतात?” आईने तिला दटावलं. विद्यार्थ्याने मान खाली घातली.

मी काय करायला हवं होतं? रुमाल काढायचा, तिचं तोंड पुसायचं. एवढंच ना? मी दातओठ खाऊन म्हणालो, “नीट धरता येत नाही का?”

शैलाने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मंदाताई धावत आल्या, तिला पुसलं, दुसरा पेला आणला. तो तसाच भरलेला राहिला.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. राग येतो, माणूस बोलून जातो, मागाहून माफी मागतो. मी मागितलीही असती. पण घरी आल्यावर साडी भिजत घालताना तीच म्हणाली, “पुढच्या वेळी आपला तो पितळेचा जड चमचा घेऊन जाऊ. जड असला की हात कमी हलतो म्हणतात. आणि पेला अर्धाच भरायला सांगू.” तिला अजून यायचं होतं, कळतंय ना तुम्हाला? एवढं होऊनही तिला यायचं होतं. ती आठवडाभर त्या चमच्याने वरणभाताची सवय करत होती.

शनिवारी दुपारी मी तिला सांगितलं, “अगं, मंदाताईंची खानावळ बंद झाली.”

इतक्या सहज आलं ते तोंडातून. मुलगा त्यांना उरणला घेऊन गेला, जागा भाड्याने दिली म्हणे — हेही मीच जोडलं. शैला खुर्चीत बसली. “मला न सांगता गेली?” एवढंच म्हणाली. संध्याकाळी मला म्हणाली, तिचा फोन नंबर कुणाकडे मिळेल का बघा. बघतो म्हणालो.

एक खोटं पचलं की पुढचं सोपं असतं. चौलच्या ठिकाणी मालक बदलला, तेल वाईट वापरतात. पोयनाडला रस्त्याचं काम चालू आहे, रिक्षावाले येत नाहीत. एकेक करून मी तिच्यासाठी सगळ्या जागा बंद करत गेलो. ती आधी विचारायची, “मग कुठे जाऊया?” नंतर तेही विचारेना.

आणि मी काय केलं, सांगू? मी एकटा जात राहिलो. शनिवारी, जुन्या मित्रांना भेटतो म्हणून. मंदाताईंकडेच. वहिनी कुठे, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, नाशिकला लेकीकडे आहे, सध्या तिकडेच राहील. तिथे बसून शांतपणे जेवायचो. कुणी बघत नव्हतं, काही वाजत नव्हतं. निघताना शैलासाठी पार्सल घ्यायचो. कशासाठी? मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून, दुसरं काय. घरी सांगायचो, वरसोलीला नवीन हॉटेल निघालंय. पहिल्याच घासाला ती थांबली. “हे मंदाच्या हातचं वाटतं,” म्हणाली. मी म्हणालो, “वाटण सगळीकडे सारखंच असतं गं.” तिने मान हलवली आणि जेवत राहिली.

असं वर्षभर चाललं असेल, जास्तच.

मग एक दिवस सकाळी तिला व्यायामाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, आणि दारातून मंदाताई आल्या. गुडघा धरून, लंगडत. पळून जायला जागा नव्हती. मी चक्क पेपर तोंडापुढे धरला — काय ती अक्कल!

“अगो बाय, वहिनी!” मंदाताईंनी तिचे दोन्ही हात धरले. “कवा आलात नाशिकहून? सर म्हनतात लेकीकडंच हाय आता. इकडं यायचंच न्हाय का?”

पेपरच्या आड मी श्वास रोखून बसलो होतो. मग शैलाचा आवाज आला. अगदी नेहमीचा.

“परवाच आले गं. नातवंडं सोडतात का लवकर? तुझी खानावळ कशी चाललीये?”

“जोरात हाय! पत्रा काढला, स्लॅब टाकला. सरांनी सांगितलं असंल की. दर शनिवारी येतात.”

“हो, सांगतात ना,” शैला म्हणाली. “सगळं सांगतात.”

मंदाताईंना आत बोलावलं. मी पेपर खाली केला. शैला समोरच्या भिंतीकडे बघत होती, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून. चार लोकांत तिने माझी अब्रू राखली होती. माझं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने पुरं केलं होतं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, “वाटेत कोथिंबीर घ्यायचीये.”

तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षात, घरात, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी. ती आणखी दोन पावसाळे होती, मग गेली — एवढ्या काळात एक वाक्य मला बोलता आलं नाही? मुलगी आजही सगळ्यांना सांगते, बाबांनी आईचं किती केलं. मी ऐकून घेतो.

पण अजून एक राहिलंय. आतापर्यंत सांगितलं ते, हे टाळण्यासाठीच सांगत होतो की काय, कोण जाणे.

मंदाताई दवाखान्यात भेटल्या त्याच आठवड्यातला शनिवार. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “आज जाऊया का मंदाताईंकडे? दोघं?” ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. “नको,” म्हणाली. “मला आता घरीच बरं वाटतं. तुम्ही जाऊन या.”

आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. मी पुन्हा एकदाही आग्रह केला नाही. शर्ट बदलला, स्कूटर काढली आणि गेलो. नवीन स्लॅबखाली, पंख्याच्या वाऱ्यात, मधल्या टेबलावर बसलो. बोंबील मागवले. पोटभर जेवलो.