चिकटवलेली पानं

काल दुपारी माझी लेक सुमन भाजी निवडता निवडता नववीतल्या पोरीचा शास्त्राचा धडा घेत होती. पाळी, गुप्तरोग, त्यापासून जपायचं कसं, मायलेकी सगळं मोठ्यानं बोलत होत्या. मी उठून चपला शोधायला लागलो.

असाच धडा सुमनच्या पुस्तकातही होता. मी चौथी शिकलेला, पण घरात शब्द माझाच. ती पानं मी भाताच्या खळीनं चिकटवून टाकली होती. पुढं लग्न झालं आणि नवऱ्याकडून तिला आजार लागला. दोन वर्षं पोरीनं तो अंगावर काढला. "आधी का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, पण त्या चिकटवलेल्या पानांचं नाव काढलं नाही.

"आजोबा, लाजता काय नव्या नवरीसारखे? बसा, तुम्ही वाचा," नात म्हणाली.

"राहू दे गं, त्यांना नको," सुमन हळूच म्हणाली.

अजून ती माझीच लाज राखत होती. तेच मला लागलं. मी खाली बसलो, चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागलो. 'संसर्ग' या शब्दाला अडलो. सुमननं तो सांगितला, आणि मी तिच्यादेखत तो मोठ्यानं म्हटला.