तुरटरावांची जीभ

कातडी कमावण्याच्या कारखान्यात म्हाताऱ्याला सगळे तुरटराव म्हणत, आणि स्वारी त्या नावावर खूश होती. झाडाची साल हौदातल्या पाण्यात भिजली की तिच्यातलं तुरट सत्त्व उतरतं आणि त्या पाण्यात कच्च्या कातडीचं चामडं होतं. पाणी किती कडक झालंय, ते म्हातारा बोट बुडवून जिभेवर ओळखायचा. ताज्या कातडीला आधी फिकं पाणी लागतं; एकदम कडक पाण्यात टाकली तर ती वरून आवळते आणि आत कच्ची राहून सडते. तीस वर्षांत आपली जीभ एकदाही चुकली नाही, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

हिवाळ्यातल्या तापाने ती जीभच मेली. मीठ कळेना, साखर कळेना. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. जीभ गेली तर तुरटरावाला विचारतो कोण, या धास्तीने तो रंगावरून अंदाज बांधून मान डोलवत राहिला. चार महिने नशिबाने साथ दिली.

मग एक हौद फसला. हौदावर त्याचाच मुलगा होता. बापाने 'टाक' म्हटलं, त्याने शंभर कातडी सोडली. पुढे ती कापली तेव्हा आतून कुजका वास सुटला. मालकाने दोघांना समोर उभं केलं.

"तुम्ही चाखलं तेव्हा पाणी कसं होतं?"

"फिकं होतं," म्हातारा म्हणाला. "नंतर कुणी साल वाढवली असेल, तर मला काय माहीत?"

साल घालायचं काम मुलाचं. त्याने बापाकडे पाहिलं, हातमोजे टेबलावर ठेवले आणि कारखान्यातून कायमचा बाहेर पडला. म्हातारा लाजेने अर्धा झाला, तरी त्याने आपला शब्द मागे घेतला नाही.

त्या संध्याकाळी सुनेने दोघांना वाढलं. चिमूटभर मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घेणारे सासरे हल्ली मुकाट जेवतात, हे तिला कधीचं खटकत होतं.

"मामंजी, भाजी जमलीय का?"

"झकास," म्हातारा म्हणाला.

तिने नवऱ्यालाही एक घास घ्यायला सांगितलं. त्याने घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकला. त्याच्या कामाच्या कपड्यांच्या खिशात सापडलेली सालीची पूड तिने भाजीत घातली होती.

"बाबा, कधीपासून?" मुलाने हळूच विचारलं.

"तापापासून."

"मालकांनी विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं तुम्हाला?"

म्हाताऱ्याने बोट भाजीत बुडवून जिभेवर ठेवलं. मुलगा ताटावरून उठून गेला, तरी ते बोट तो चोखतच राहिला.