ताईचं मशीन आणि काळी वायर

तीस वर्षं अमेरिकेत काढून माझी ताई आणि भाओजी मुलुंडला परत आले. लोक सामानातून चॉकलेटं आणतात, आमच्या भाओजींनी दोन इन्व्हर्टर आणले! तिकडे डोंगरात त्यांचं एक लाकडी घर होतं. तिथे विजेची लाइन नव्हती, म्हणून सोलरवर हे दोघे इन्व्हर्टर राबायचे. आता इथेही गच्चीवर पॅनल चढवून त्यांनाच जुंपायचं, हा हट्ट. आणि जुंपणार कोण? अस्मादिक. अंधेरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो ना, मग मेव्हणा असतो कशाला!

घोळ असा, की तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. दोघे इन्व्हर्टर आजवर एकाच तालात एकशेवीस देत होते. सेटिंग बदलून एकाचा ताल दुसऱ्याच्या बरोबर उलटा केला, की दोघांच्या टोकांमध्ये दोनशेचाळीस मिळतात आणि आपले पंखे, फ्रिज चालतात. कुठल्याही एका टोकापासून मधल्या न्यूट्रलपर्यंत मात्र एकशेवीसच राहतात. याला स्प्लिट-फेज म्हणतात. आणि ते एकशेवीस हवे होते ताईच्या शिलाई मशीनला.

हे मशीन तिने तिकडच्या पहिल्या कमाईतून घेतलेलं. भाषा येईना, ओळखीचं कुणी नाही, तेव्हा ती दिवसभर त्याच्याशीच मालवणीत बोलायची म्हणे. त्याची मोटर आता कुठेच मिळत नाही. "जळलं तर मीपण जळले समज," असं ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

भाओजी पुस्तिका घेऊन स्टुलावर बसले. "आधी दोन्ही बंद कर. मग एकेकाचं सेटिंग. पान सत्तावीस."

"भाओजी, सत्यनारायणाची पोथी वाचताय काय?"

"वाचतोय. प्रसाद तुलाच मिळणार आहे."

सेटिंग झकास झालं. दोघा इन्व्हर्टरांनी निमूटपणे एकमेकांना ओळखलं. राहिलं फक्त मशीनचं सॉकेट. इन्व्हर्टरांकडून तीन वायरी येत होत्या, लाल, काळी आणि पांढरी. मी लाल आणि काळी जोडून मोकळा झालो. आपल्याकडे लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हे शिकाऊ होतो तेव्हापासून माझ्या बोटांना पाठ.

"मीटर लाव," भाओजी म्हणाले.

"मीटर नवशिके लावतात."

ताई मशीन पदराने पुसून घेऊन आली होती. भाओजींनी त्यांचा तिकडचा, एकशेवीसवर चालणारा टेबललॅम्प पुढे केला. "मग आधी हा लाव. माझ्या समाधानासाठी."

"तुमच्या समाधानापायी ताईचं आयुष्य गेलं," म्हणत मी लावला.

फट्ट! पांढराफेक उजेड पडला आणि बल्ब गेला. तिकडे लाल आणि काळी दोन्ही जिवंत, म्हणजे फेज असतात, न्यूट्रल पांढरी. दोघींच्या मध्ये पूर्ण दोनशेचाळीस. पुस्तिकेत ते लिहिलं होतं आणि भाओजींनी मघाशी वाचलंही होतं. मी तेव्हा शीळ घालत होतो.

भाओजी हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते पान पुन्हा उघडलं आणि सावकाश वाचलं. मी पहिलीतल्या पोरासारखा त्यांच्या मागून म्हणत गेलो, लाल जिवंत, काळी जिवंत, पांढरी न्यूट्रल. काळी काढून पांढरी जोडली. मग मीटर लावला, तोही दोनदा. एकशेवीस. तरी धीर होईना, खोटं कशाला बोलू? मेल्यासारखी लाज वाटत होती.

"भाओजी, मशीन तुम्ही लावा," मी म्हटलं.

ते उठायला लागले. ताईने त्यांना हातानेच खाली बसवलं.

"तीस वर्षांत यांना मी मशीनला हात लावू दिला नाय," ती म्हणाली. "तू लाव रे. आणि जळलंच तर तुझ्या हातून जळू दे, मी काय बोलणार नाय."

मी प्लग हातात घेतला, पण डोळे भरल्यामुळे मला सॉकेट दिसेना. शेवटी तिनेच माझं मनगट धरून तो आत घातला.