विहाराच्या ओट्यावरची कादंबरी

आमच्या सौंसरच्या वस्तीत पावसाळाभर रोज संध्याकाळी बुद्ध विहारात धम्माचा ग्रंथ वाचत. वाचणारी मीच, मालती. मॅट्रिक झालेली दुसरी होतीच कोण? चौऱ्यांशी साली मले कादंबऱ्यांचा नाद लागला. मग दुपारी त्याच विहाराच्या ओट्यावर बायांले वाचून दाखवू लागली. बाया अशा गुंगून जात की चुलीवरचं वरण करपलं तरी उठत नसत.

कलाबाई मात्र कादंबरीही हात जोडून ऐके. संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करणारी विधवा बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. एकुलती लेक इंदू, जवळच्या रामाकोना गावाले दिलेली.

कादंबरीतली सून सासरचा मार लपवायले भर उन्हाळ्यातही पदर मनगटापर्यंत ओढून ठेवे. एका दुपारी मी तिले विहिरीच्या काठावर आणून सोडली अन् पुस्तक मिटलं. कलाबाईनं मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला.

"मालते, मागच्या खेपेले इंदूनंही असाच पदर ओढला होता वं. हात दाखवलाच नाही मले."

"अवं, कादंबरी आहे ते. मनानं रचलेली. खोटी!"

"विहारात बसून कोणी खोटं वाचते का?" ती माझ्या अंगावरच धावली.

काय सांगावं बाप्पा या बाईले! पण तिचा चेहरा पाहून मी तिच्यासंगं इंदूकडं जायले तयार झाली. दुसऱ्या दिवशी छोट्या रेल्वेगाडीनं दोघी निघालो. गाडी रखडली की ती माझा हात आवळे. "विहिरीपर्यंत तर नसन गेली?" मी तिच्यावर खेकसली, पण हात सोडवून घेतला नाही.

इंदू दारातच दिसली. जिवंत! सासूनं हसून या-बसा केलं, चहा सांगितला. "पाहिलं?" मी कलाबाईले कोपरानं ढोसलं. इंदूनं कप पुढं केला, पदर मनगटावर गच्च धरून.

सासू गाईले पाणी पाजायले मागं गेली. तशी कलाबाई हळूच म्हणाली, "इंदे, मालती एक पुस्तक वाचून राहिली." अन् सारी गोष्ट सांगितली, विहिरीपर्यंत. इंदू पांढरीफटक पडली.

"मंग?" तिनं विचारलं. "पुढं काय झालं तिचं?"

"तिची माय आली. संगं घेऊन गेली तिले."

पुस्तक मी घरी आधीच वाचून संपवलं होतं. त्यात माय येतच नाही.

इंदूनं आईच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला, अन् पायात चप्पलही न घालता आमच्या पुढं चालू लागली.