विहीणबाईंच्या उशाशी सॉकेट

टेलरबाईंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, आणि त्याला कारण होतं एक सॉकेट. क्रूझवरच्या त्या केबिनमध्ये आरसे हवे तितके होते, दिवे तर विचारूच नका, पण प्लग लावायला जागा एकच, आणि तीसुद्धा विहीणबाईंच्या उशाशी.

बाजारामागच्या गल्लीत बाईंचं शिवणकामाचं दुकान. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बाईंनी नजरेनेच माप घेतलेलं असायचं. टेप गळ्यात अडकवायची ती नुसती नावाला. पण मध्यंतरी त्यांना बसल्या जागी डुलकी लागायला लागली. एकदा चालू मशीनवर डोळा लागला, तो सुई बोटात घुसल्यावरच उघडला. बोट दाखवायला गेल्या, तर डॉक्टरांनी झोपेचीच तपासणी करायला लावली. झोपेत यांचा श्वास अडकत होता. अडकला की जीव दचकून जागा होणार, जरा डोळा लागला की पुन्हा अडकणार, रात्रभर हाच खेळ. सकाळी उठायचं ते दळण दळून आल्यासारखं. मग डॉक्टरांनी एक छोटं यंत्र दिलं. ते नळीतून हवा सोडतं, नाकावर मास्क लावून झोपायचं, की श्वास अडकत नाही. यंत्र घरात आलं आणि बाई माणसात आल्या.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. लेकीचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. आईला आजार आहे आणि तो लपवून लग्न लावलं, असं सासरी कुणाच्या तोंडी आलं, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, ही धास्ती. म्हणून लेकीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. ती माहेरी आली की यंत्र कपाटात जायचं आणि बाई खोकल्याचं निमित्त काढून दुकानात झोपायच्या.

आणि आता लेक-जावयाने हौसेने दोन्ही आयांना जहाजाची सहल दिली होती. वेगळ्या खोल्या असतील असं बाई धरून चालल्या होत्या. जावयाने घेतली एकच. "तेवढ्याच तुम्हा दोघींच्या गप्पा होतील!" म्हणे. अशा हौशी जावयाचं काय करावं, हे कुणी शिकवत नाही.

तरी बाईंनी लांबलचक वायरचा बोर्ड आणला होता. तो जहाजावर चढतानाच तपासणीवाल्याने काढून घेतला. बाहेरची वायर चालत नाही, हवी तर काउंटरवर मागा. काउंटरवाली म्हणाली, खोली आवरणाऱ्या मुलीला सांगा. ती मुलगी म्हणाली, काउंटरवर सांगा. असे हेलपाटे, तेही विहीणबाईंची पाठ वळली की! बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी पहिली रात्र त्यांनी यंत्राविनाच, उशीला टेकून बसून काढली. आपण घोरलो तर पंचाईत, म्हणून डोळा लागला की स्वतःलाच चिमटा. समोर समुद्र पसरला होता, पण तो बघायला डोळे उघडे राहायला हवेत ना.

सकाळी दारावर टकटक झाली आणि खोली आवरणारी मुलगी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवून गेली. यंत्रात घालायला तेच पाणी लागतं. बाईंनी ते घरून निघायच्या आधीच जहाजवाल्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं आणि साफ विसरल्या होत्या. वायर मागून मागून मिळाली नव्हती, हे मात्र न मागता हजर.

"हे कशाला हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"इस्त्रीला," बाईंच्या तोंडून निघून गेलं. शिवणकाम करणारीला दुसरं काय सुचणार? "वाफेच्या इस्त्रीला साधं पाणी चालत नाही. भोकं बुजतात."

"इस्त्री आणलीत तुम्ही? जहाजावर?"

"छोटीशीच आहे."

विहीणबाईंनी पायात चपला सरकवल्या. जरा पाय मोकळे करून येते म्हणाल्या आणि गेल्या. आता या विहीणबाई म्हणजे मोटार शिकवण्याचा क्लास चालवणाऱ्या. गाडी उभी असली तरी पट्टा लावून बसणार. अशा बाईला आपण आगीची वस्तू आणल्याचं सांगितलंय, हे टेलरबाईंच्या ठणकत्या डोक्यात शिरलंच नाही.

परत आल्यावर विहीणबाईंनी नेहमीचा विषय काढला. "तुमच्या लेकीचं काय करायचं, तुम्हीच सांगा. सकाळी हाका मारून घसा बसतो. जेवताना पेंगते. इतकी झोप आणते कुठून?"

"लहानपणापासून जरा झोपाळूच आहे," बाई नेहमीसारखंच म्हणाल्या.

"घरात पेंगली तर मी बोलत नाही हो. पण परवा सिग्नलला गाडी उभी, आणि हिचा स्टिअरिंगवर डोळा लागला! हिरवा दिवा पडून गेला, मागचे हॉर्न मारतायत, तेव्हा कुठे जागी झाली. मागच्या सीटवर नातू होता. अशी आळशी बाई मी क्लासमध्ये एक दिवस ठेवली नसती."

बाईंच्या बोटातली जुनी सुई पुन्हा टोचली. आळशी! सुई बोटात घुसली तेव्हा आपण काय आळशी होतो?

त्या तोंड उघडणार इतक्यात दार वाजलं. दारात सुरक्षारक्षक. "इस्त्री आहे म्हणून कळलंय. बॅग बघावी लागेल."

बाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी मान ताठ केली. "नियम म्हणजे नियम. उद्या जहाज पेटलं तर?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायची सोय नव्हती. रक्षकाने बॅग उघडली आणि घड्या केलेल्या साड्यांखालून नळी, मास्क, यंत्र सगळं बाहेर काढलं.

"अहो, हे तर श्वासाचं मशीन!" तो म्हणाला. "आधीच सांगायचं ना. यासाठी वायर आम्हीच देतो. आत्ता पाठवतो." आणि गेला. इतकं सोपं होतं ते!

विहीणबाई यंत्राकडे बघत होत्या. "दमा आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं, आणि आवाज चक्क मऊ होता.

नुसती मान हलवली असती की सुटल्या असत्या. दम्याला कुणी नावं ठेवत नाही. बाईंची मान हललीही थोडी. मग मागच्या सीटवरचा नातू डोळ्यांपुढे आला.

"दमा नाही," त्या म्हणाल्या. आणि सगळं सांगून टाकलं. श्वास, सुई, तपासणी, कपाट. "घराण्यात असतं हे कधी कधी. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मुलीचंही बघून घ्या. मी घाबरले. तुम्ही तिला आळशी म्हणायचात आणि मी तुमच्या होत हो मिळवायची. ती आळशी नाही हो. ती झोपतच नाहीये."

विहीणबाई भडकल्या. भडकणारच. "अहो, आई आहात की कोण? पोर एवढ्या मोठ्या आवाजात घोरते, मुलगा हॉलमध्ये जाऊन झोपतो, आणि मी रोज तिला..." वाक्य अर्धंच टाकून त्यांनी फोन उचलला आणि थेट मुलाला लावला.

"ऐक. आजपासून गाडीची किल्ली तिच्या हातात द्यायची नाही. का ते नंतर सांगते. डॉक्टरांची वेळ घे, झोपेच्या. आणि उद्या सकाळी तिला कुणी उठवायचं नाही. मी सांगितलंय म्हणून सांग."

फोन ठेवून त्यांनी आपली उशी उचलली, पलीकडच्या पलंगावर टाकली आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "या इकडे. वायर येईल तेव्हा येईल. लावा ते आणि झोपा आधी."

बाईंनी उशाशी प्लग लावला. मास्क हातात घेतला तोच त्यांचा फोन वाजला. लेक होती, घाबरलेली.

"आई, सासूबाई फार चिडल्यात का गं? किल्ली काढून घेतली, आणि म्हणे उद्या उठू नको. माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं," बाई म्हणाल्या. "तुझं कधीच काही चुकलं नव्हतं, बाळा."